तान्ह्या पोळ्याची कागदी सजावट लेकरांसोबत करताय? या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली लेकरं आपापला लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला, असं सांगतात. नंदीवर कागदी झूल, शिंगांना बेगड, गळ्यात झिरमिळ्या आणि ओसरीला कागदी तोरण, एवढी सजावट तीन ते सहा वर्षांचं लेकरू आनंदाने करतं. ती बिघडली की आपण म्हणतो, अजून हात बसला नाही त्याचा. पण बहुतेक वेळा कागद चुकलेला असतो, नाहीतर खळ, नाहीतर कैची. आणि या तिन्ही गोष्टी लेकराच्या हातात आपणच दिलेल्या असतात.

ओल आणि खळ

पोळा येतो श्रावण अमावस्येला. बाहेर झड लागलेली असते आणि घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत. अशा हवेत क्रेप कागदाची झूल करणं ही पहिली चूक. क्रेपला ओली खळ लागली की तो ताणतो आणि रंग सोडतो. तो लाल-हिरवा रंग नंदीच्या पांढऱ्या अंगावर उतरतो, लेकराच्या बोटांना लागतो आणि बोटं तोंडात जातात. झुलीसाठी जुन्या कॅलेंडरचा किंवा वहीच्या पुठ्ठ्यावरचा जाड कागद घ्या. क्रेप आणायचाच असेल तर कोरडाच कापून दोऱ्याला बांधा.

झूल सुरकुतली, तर खळ पातळ झाली होती किंवा सगळ्या कागदभर फासली होती. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. खळ चकाकू लागली की उतरवा. पूर्ण गार झाल्याशिवाय लेकरासमोर ठेवू नका. एखाद्या काडीला कापूस गुंडाळून द्या आणि फक्त कडेकडेने लावायला सांगा. चिकटवल्यावर झूल कोरड्या कागदात ठेवून वर पाट ठेवला की सुरकुत्या बसत नाहीत. पावसाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारू लागते, म्हणून लागेल तेवढीच करा.

खळ टिकावी, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. संत्र्याच्या बागा असलेल्या घरी मोरचूद हाताशीही असतं. लेकरांच्या खळीत ते अजिबात घालू नका, ते विषारी आहे. तसंच फवारणीच्या औषधाचं रिकामं खोकं. पुठ्ठा छान जाड असतो, म्हणून ते कापून मुखवटे आणि शिंगं करायचा मोह होतो. आत कधी बाटली सांडली असेल, हे वरून कळत नाही. किराणा दुकानातून बिस्किटांचं खोकं मागून आणा. या दोन गोष्टींत थोडंही सैल राहू नका, एवढं कळकळीने सांगते.

कापताना

तीन वर्षांच्या लेकराला कैची देण्याची घाई नको. त्याला कागद फाडू द्या. फाडलेल्या तुकड्यांची झूलही देखणी होते. चार वर्षांच्या पुढे बोथट टोकाची कैची द्या आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या आधीच कापून ठेवा, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. रुंद कागद दिला की कैची अर्ध्यात अडते, कागद दुमडतो आणि लेकरू रडकुंडीला येतं. गोल कापताना कैची फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो. हे एकदा करून दाखवा.

एकमेकींचे हात धरलेल्या बाहुल्यांची किंवा बैलांची कागदी माळ उलगडली आणि सुटे तुकडे पडले, तर घडीची बाजू कापली गेली होती. घडीच्या कडेवर आधी जाड रेघ ओढा आणि सांगा, "इथं कैची न्यायची नाही." घड्या चारपेक्षा जास्त घालू नका, लहान हाताने तेवढे थर कापले जात नाहीत.

नंदी चालायला लागला की

"आजी, माह्या नंदीची झूल काहून फाटली वं?" हा प्रश्न मिरवणूक अर्ध्यावर आली की हमखास येतो. नुसता कागद लाकडावर चिकटवला की पहिल्याच खड्ड्यात फाटतो. जुन्या लुगड्याचा तुकडा खाली घ्या, कागद त्यावर चिकटवा आणि कापड नंदीच्या पोटाखाली बांधा. झिरमिळ्या चाकांपासून तीन बोटं वर राहू द्या, नाहीतर त्या चाकात गुंडाळतात. शिंगांचा बेगड निसटत असेल तर चकचकीत बाजूला खळ लावली होती, ती मागच्या मंद बाजूला लावा.

टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना मात्र नकोत. लेकराच्या पायात जातील हे आहेच, पण अंगणात पडलेली पिन कुटारात मिसळली आणि गायीबैलाच्या पोटात गेली तर ते जनावर जिवावर बेतेल इतकं आजारी पडू शकतं. तोरणालाही पिन लागत नाही. कागद दोऱ्यावर दुमडायचा आणि खळीने चिकटवायचा.

आता तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या लेकरांना ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठीही कागदी वटवाघळं आणि कोहळी (लाल भोपळे) करून आणायला सांगतात. मला त्यात वावगं वाटत नाही, कैचीचा सराव तोच आहे. वटवाघूळ कागद मधोमध दुमडून अर्धं कापतात, म्हणजे दोन्ही पंख सारखे येतात. तिथेही घडीची बाजू कापली की दोन पंख वेगळे होतात. काळा कार्डपेपर लहान कैचीला जड जातो, साधा काळा घोटीव कागद घ्या. पाऊस सरलेला असतो, त्यामुळे खळ लवकर वाळते आणि उघडी ठेवली तर भांड्यातच साय धरते. झाकून ठेवा.

गावात नंदी सजावटीची स्पर्धा असली की मोठी माणसं रात्री बसून सगळं नव्याने करतात. सकाळी लेकरू आपली वाकडी झूल शोधत राहतं. हे मला फार लागतं. बक्षिसासाठी दुसरा नंदी सजवायचा तर सजवा, त्याने केलेली झूल काढू नका. काम तीन दिवसांत वाटून घ्या: एक दिवस कापायचं, एक दिवस चिकटवायचं, एक दिवस वाळू द्यायचं. आणि मिरवणुकीला निघताना खिशात ताज्या खळीची लहान डबी आणि चार कागदाचे तुकडे ठेवा. फाटलं तर तिथेच ठिगळ लावता येतं, आणि ते लेकरालाच लावू द्या.