पुण्याच्या कडेच्या गावात घर आहे? कराची नोंद आपल्या नावावर अशी करून घ्या

फुरसुंगीतलं वीस-पंचवीस वर्षांचं एखादं घर घ्या. त्याची घरपट्टी २०१७ पर्यंत ग्रामपंचायतीत भरली गेली. ४ ऑक्टोबर २०१७ ला अकरा गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा खातं महापालिकेकडे गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी स्वतंत्र नगरपरिषद झाली आणि खातं पुन्हा हललं. अशा घराची नोंद वारसाच्या किंवा खरेदीदाराच्या नावावर करायची तर तिन्ही दप्तरांचे कागद एका ओळीत लावावे लागतात. बहुतेक अर्ज अडकतात ते इथेच, म्हणून सुरुवात हद्दीपासून करा.

आपलं गाव कधी कुठे होतं, हे आधी कागदावर लिहून काढा. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ची. १९९७ मध्ये बरीच गावं तिच्यात आली, पण त्यातली काही पुढे पूर्ण किंवा अंशतः वगळली गेली. त्यामुळे ‘आमचं गाव ९७ लाच आलं’ या सांगण्यावर विसंबू नका, आपल्या सर्व्हे नंबरापुरती खात्री करा. २०१७ मध्ये धायरी, उंड्री, आंबेगाव बुद्रुक वगैरे अकरा गावं आली. ३० जून २०२१ ला वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, खडकवासला, नांदेड अशी तेवीस आली. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची आणि महापालिका १९८२ ची. ताथवडे तिथे २००९ मध्ये गेलं. खडकी, देहूरोड आणि पुणे कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा. तिथला कर छावणी परिषद घेते आणि जमिनीची नोंद सातबाऱ्याऐवजी बहुधा जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीत, सापडते. पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बांधकामाची परवानगी देते, पण मिळकतकर घेत नाही. तिच्या कार्यालयात करखात्यासाठी हेलपाटा मारू नका.

आता कागद. ग्रामपंचायतीच्या काळातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे नमुना ८, म्हणजेच कर आकारणी नोंदवहीचा उतारा. त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ असतं. नमुना ९ ही मागणीची नोंद आणि नमुना १० ही भरलेल्या कराची पावती. तलाठ्याकडचा ‘८ अ’ हा निराळा कागद आहे. तो शेतजमिनीचा खाते उतारा, घराचा नव्हे. ‘आठचा उतारा आणा’ एवढंच ऐकून लोक चुकीचा कागद आणतात आणि एक फेरी वाया जाते. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायतीचं दप्तर तिच्याकडे येतं, तेव्हा जुना नमुना ८ हवा असल्यास आधी आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. अर्जात जुना घर क्रमांक आणि जुन्या मालकाचं नाव लिहा. नुसत्या सर्व्हे नंबरावर ती नोंद सापडणं कठीण.

महापालिकेच्या बिलावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तीन भाग असतात. तिन्ही जसेच्या तसे उतरवा.

खरेदीचं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स-२), विकणाऱ्याच्या नावाचं शेवटचं बिल आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. फ्लॅट असल्यास सोसायटीचं पत्रही बहुधा मागतात. वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला. बहिणींनी हक्क सोडला असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं ‘संमतीपत्र’ घरातल्यांना पुरेसं वाटतं, पण घराचा हक्क त्याने सुटत नाही. हक्क सोडलेला नसेल तर सगळ्यांची नावं लावा, तेच सरळ.

नावं जुळवण्यात सर्वाधिक वेळ द्या. नमुना ८ वर ‘बबन’, आधारवर ‘बबनराव’ आणि खरेदीखतात आडनावच वेगळं, हे नेहमीचं आहे. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, कारण त्रुटी निघाल्यावर फाइल मागे पडते. क्षेत्रफळाचंही तसंच. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. जुना उतारा फुटांत आणि नवी आकारणी मीटरांत असेल, तर हिशोब स्वतः करून पाहा. पत्र्याची शेड पक्क्या बांधकामात धरली गेली असेल, तर तेही इथेच कळतं.

अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर क्रमांक आणि तारीख पाहिजेच. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली कराचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला ३ दिवसांत, तर दस्तऐवजावरून किंवा वारसाहक्काने हस्तांतरण १५ दिवसांत मिळायला हवं. मुदत उलटली तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. नगरपरिषदेलाही हा कायदा लागू आहे. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून महिने घालवण्यापेक्षा हे एक पानी अपील कितीतरी उपयोगी.

पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे स्वतः राहणाऱ्या मालकाची ४० टक्के सवलत. तिचा हिशोब असा: वार्षिक भाडेमूल्य ३०,००० रुपये धरलं असेल, तर सवलतीविना १० टक्के दुरुस्तीखर्च वजा जाऊन करपात्र मूल्य २७,००० होतं. सवलत असेल तर आधी भाडेमूल्य १८,००० वर येतं आणि करपात्र मूल्य १६,२०० होतं. नवीन मालकाचं नाव लागल्यावर बिलात ही सवलत दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरा, सोबत तिथे राहत असल्याचा पुरावा द्या. घर भाड्याने दिलं असेल तर ही सवलत मिळत नाही. लवकर भरणाऱ्याला मिळणारी ५ किंवा १० टक्क्यांची सूट बिलातल्या फक्त सर्वसाधारण कर या भागावर असते, पूर्ण बिलावर नाही. सुटीची रक्कम कमी वाटली म्हणून गोंधळू नका.

परवानगीविना बांधलेल्या भागावर कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते. यालाच लोक ‘तिप्पट कर’ म्हणतात. तो भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. तसंच करबिलावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखत, सातबारा किंवा मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहतात, आणि सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर नाव लावायला तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात बहुधा फेरफाराचा वेगळा अर्ज करावा लागतो. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या, बहुतेक कागद तेच लागतात.

नोंद झाल्यावर नव्या नावाचा उतारा काढून ठेवा. एप्रिलनंतरच्या बिलावर नाव, क्षेत्रफळ, वापर (निवासी की बिगरनिवासी) आणि मागची थकबाकी या चार जागा तपासा. ग्रामपंचायतीत भरलेली रक्कम थकबाकी म्हणून पुढे ओढलेली दिसली, तर नमुना १० ची झेरॉक्स लावून लेखी हरकत द्या. मूळ पावती मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, त्या वर्षाचा दुसरा पुरावा सहसा मिळत नाही.