संभाव्यता काढायची कशी: आधी यादी, मग भागाकार

एक नाणे दोनदा उडवायचे. निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती?

१७५४ मध्ये दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेंच विश्वकोशातील आपल्या लेखात याचे उत्तर २/३ दिले. त्याचे म्हणणे असे: पहिल्याच वेळी छापा पडला तर काम झाले, पुन्हा उडवायला नकोच. म्हणजे शक्यता तीन. छापा, काटा आणि मग छापा, दोन्ही वेळा काटा. तिघांपैकी दोन आपल्या बाजूच्या. खरे उत्तर ३/४ आहे. दालाँबेर मोठा गणितज्ञ होता, भागाकार त्याला येत होताच. घोटाळा त्याच्या यादीत होता. नव्याने शिकणाऱ्यांच्याही बहुतेक चुका तिथेच होतात, म्हणून खालच्या पायऱ्यांत मी यादीवरच जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी १. प्रयोग नेमका ठरवा

ज्या कृतीत काय काय होऊ शकते ते आधी माहीत असते, पण या खेपेला त्यातले काय होईल ते सांगता येत नाही, तिला यादृच्छिक प्रयोग म्हणतात. प्रयोगातून जे एक फळ हाती येते ती निष्पत्ती. कृतीबरोबर नोंद कशाची घ्यायची हेही लिहा. फासा टाकून वरचा अंक पाहिला तर निष्पत्ती सहा. तोच फासा टाकून फक्त सम की विषम एवढेच पाहिले तर दोन.

पायरी २. नमुना अवकाश लिहून काढा

सगळ्या शक्य निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. तो मनात धरू नका, कागदावर उतरवा. नाणे दोनदा उडवले तर तो असा: {छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा}. मधल्या दोन निष्पत्ती एकच समजण्याचा मोह होतो. तो टाळायला सोपी युक्ती आहे: दोन फासे असतील तर एक लाल आणि एक पांढरा आहे असे समजा. आता लालवर ३ व पांढऱ्यावर ५, आणि लालवर ५ व पांढऱ्यावर ३, हे वेगळे दिसू लागते. दोन फाशांच्या निष्पत्ती ६ × ६ = ३६ होतात, त्या यामुळेच.

पायरी ३. निष्पत्ती समसंभाव्य आहेत का, ते तपासा

ही पायरी वगळली की सगळे फसते. प्रत्येक निष्पत्ती घडण्याची शक्यता सारखीच असेल तर त्यांना समसंभाव्य निष्पत्ती म्हणतात. दालाँबेरच्या यादीत नुसता ‘छापा’ हा एक नोंद म्हणून आला, पण त्याच्या पोटात छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन निष्पत्ती आहेत. त्याचे वजन, म्हणजे घडण्याची शक्यता, १/२, उरलेल्या दोघांचे प्रत्येकी १/४. वजने असमान असताना नुसत्या नोंदी मोजून चालत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रश्न गॅलिलिओपुढे आला होता. तीन फाशांची बेरीज ९ येईल असे गट सहा: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० येईल असे गटही सहाच. तरी खेळणाऱ्यांच्या अनुभवाला १० जास्त वेळा येते, असे का? त्याने क्रमासकट मोजले. तिन्ही अंक वेगळे असतील तर गट ६ प्रकारे पडतो, दोन सारखे असतील तर ३ प्रकारे, आणि ३-३-३ फक्त एकाच प्रकारे. हिशेब केला की एकूण २१६ निष्पत्तींपैकी ९ च्या वाट्याला २५ येतात, १० च्या वाट्याला २७. हे दोन्ही आकडे स्वतः मोजून पाहा. दहा मिनिटे लागतील, पण समसंभाव्य हा शब्द पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

पायरी ४. घटना वेगळी काढा आणि भागा

नमुना अवकाशातल्या ज्या निष्पत्ती आपल्याला हव्या त्यांचा उपसंच म्हणजे घटना. घटनेतील निष्पत्तींची संख्या भागिले नमुना अवकाशातील एकूण निष्पत्तींची संख्या, ही झाली संभाव्यता. दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या निष्पत्ती ६, म्हणून ६/३६, म्हणजे १/६. घडूच न शकणाऱ्या घटनेची संभाव्यता ०, हमखास घडणाऱ्या घटनेची १. उत्तर १ च्या वर गेले तर सरळ दुसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ५. ‘किंवा’ आणि ‘आणि’ जपून वापरा

‘किंवा’ असेल तर बेरीज, पण दोनदा मोजलेले वजा करून. ५२ पत्त्यांतून एक ओढला. तो लाल किंवा राजा असावा. लाल २६, राजे ४, पण दोन राजे लालच आहेत. म्हणून २६ + ४ − २ = २८, आणि संभाव्यता २८/५२ = ७/१३. दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नसतील तर त्या परस्पर अपवर्जी. तिथे वजा करायला काही उरत नाही.

‘आणि’ असेल तर गुणाकार, पण एक घटना घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलते का ते आधी पाहा. बदलत नसेल तर त्या स्वतंत्र घटना. लागोपाठ दोन पत्ते ओढले आणि पहिला परत ठेवला नाही, तर दुसऱ्या वेळी पत्ते ५१ उरतात. दोन्ही राजे येण्याची संभाव्यता ४/५२ × ३/५१ = १/२२१. इथला ३/५१ ही सशर्त संभाव्यता आहे: पहिला राजा आला, या अटीवरची.

अपवर्जी आणि स्वतंत्र हे शब्द एकमेकांच्या जागी हमखास पडतात. खरे तर ते जवळजवळ उलटे आहेत. एका पत्त्यासाठी बदाम आणि इस्पिक परस्पर अपवर्जी आहेत. बदाम निघाला म्हणजे इस्पिकची शक्यता शून्यावर आली. एवढा परिणाम होतो तिथे स्वातंत्र्य कुठले?

पायरी ६. ‘निदान एकदा’ दिसले की उलटे मोजा

घटना न घडणे ही तिची पूरक घटना. दोघींच्या संभाव्यतांची बेरीज १. एक फासा ४ वेळा टाकून निदान एकदा ६ पडण्याची संभाव्यता हवी असेल तर एकदाही न पडण्याची काढा: ५/६ चारदा गुणून ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, निम्म्याहून थोडी जास्त. पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात ६७१ आणि ६२५ हे आकडे आहेत. शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या डावांत रस असलेल्या फ्रेंच गृहस्थाचा पेच त्यात मांडला होता: ६ निष्पत्तींना ४ फेका पुरतात, तर दोन फाशांच्या ३६ निष्पत्तींना २४ फेका पुरायला हव्यात, मग २४ फेकांत निदान एकदा दुहेरी ६ (दोन्ही फाशांवर ६) पडेल ही पैज तोट्यात का? पूरक घटनेने काढा: ३५/३६ चोवीस वेळा गुणून १ मधून वजा करा. उत्तर सुमारे ०.४९१ येते. त्रैराशिक इथे चालत नाही.