ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी एक्स्टर्नल डिस्कसाठी करायची तयारी

नवं ग्राफिक्स कार्ड घरी आलं की हात शिवशिवतात, पण कॅबिनेटचा स्क्रू काढण्याआधी पहिलं काम एक्स्टर्नल डिस्कचं. तिच्यातल्या सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे का ते पाहा. नसेल तर कार्ड खोक्यातच राहू द्या आणि आधी कॉपी करा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. कार्ड बिघडलं तर वॉरंटीत बदलून मिळतं, सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही.

प्रत झाली की आजची स्थिती लिहून ठेवा. कोणती डिस्क कोणत्या पोर्टात लागते याचा मोबाइलवर फोटो काढा. जुनंच कार्ड असताना आठ-दहा जीबीची एक फाइल डिस्कवर कॉपी करून वेग टिपून घ्या. यूएसबी ३.० वरची चांगली हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते. ३०-४० वरच अडकत असेल तर ती बहुधा यूएसबी २.० च्या वेगाने चालते आहे, म्हणजे तो दोष आधीपासूनचा. ही नोंद नसली की नंतर सगळं खापर कार्डावर फुटतं.

आता विजेचा हिशेब, आणि इथे घाई नको. आरटीएक्स ३०६० चं उदाहरण घ्या. हे कार्ड १७० वॉट ओढतं. मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये ते बसतं तिथून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीची वीज एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वेगळ्या वायरीतून येते. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवरचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा आणि त्यांना १२ ने गुणा. कार्डाच्या कामाचे वॉट तेवढेच.

डिस्कचा संबंध इथेच येतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्कला स्वतःचा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर जगते. २.० च्या पोर्टातून तिला ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, ३.० मधून ९००. रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) सुरू होऊन कार्डाने एकदम ओढ घेतली की कमकुवत एसएमपीएसच्या बाकीच्या लाइनीही डळमळतात. मग डिस्क ‘टक्’ असा आवाज करते, विंडोजमधून गायब होते आणि काही क्षणांनी पुन्हा दिसते. कॉपी मात्र अर्धवट राहते. म्हणून पोर्टेबल डिस्क मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावायची ठरवा. पुढच्या पॅनेलची लांब वायर नको, आणि स्वस्त हब तर नकोच. डिस्क जास्त असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आधीच आणून ठेवा.

यूपीएसही याच हिशेबात धरा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉट देतो. नव्या कार्डासह मशीन आणि मॉनिटर त्याच्यावर गेले, तर लाइट जाताच यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. नेमकं तेव्हा डिस्कवर लिहिणं चालू असलं तर फोल्डरच्या फोल्डर उघडेनासे होतात. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो. तोही यूपीएसवरच लावा.

जागा मोजा. दोन-अडीच स्लॉट जाडीचं कार्ड शेजारचा छोटा स्लॉट झाकतं, आणि जुन्या मशीनमध्ये यूएसबी ३.० चं कार्ड बऱ्याचदा तिथेच असतं. पुढच्या पॅनेलची यूएसबी वायर कार्डाच्या टोकाखाली दबत नाही ना, तेही बघा.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, हात घालण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) चालू आहे का ते तपासा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडून ‘बायोस मोड’ वाचा. तिथे ‘लेगसी’ असेल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करण्याच्या भरात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करू नका, कारण एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवरचं विंडोज मग सुरूच होणार नाही. आधी ती डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) करावी लागते, विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे. डेटाच्या एक्स्टर्नल डिस्कला मात्र हात लावू नका, ती एमबीआर असली तरी वाचता येते.

कार्ड बसवताना सगळ्या एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. काही मशीन सुरू होताना यूएसबी डिस्कवरूनच बूट करायला बघतात आणि काळ्या पडद्यावर थांबतात. लोक समजतात कार्ड मेलं. विंडोज नीट उघडलं, ड्रायव्हर बसला, की एकेक डिस्क जोडा. त्या वेळी ‘डिस्क इनिशलाइज करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असा प्रश्न आला तर काहीही झालं तरी होकार देऊ नका. ती डिस्क आधी दुसऱ्या मशीनवर लावून पाहा.

शेवटी खरी चाचणी. कार्डावर रेंडर किंवा गेम चालू ठेवून तीच फाइल पुन्हा कॉपी करा आणि वेग जुन्या नोंदीशी ताडून पाहा. डिस्क मध्येच गायब झाली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत) १२९, १५३ किंवा १५७ हे क्रमांक शोधा. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली. आधी वीज आणि वायर तपासा. एएमडीच्या ५०० मालिकेतल्या चिपसेटचा बोर्ड असेल तर बायोसची आवृत्तीही पाहा. या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटत असल्याचं एएमडीने २०२१ मध्ये मान्य केलं आणि त्याच वर्षी एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.२ मधून दुरुस्ती दिली. अपडेट होईपर्यंत कार्डाच्या स्लॉटचा वेग जेन ४ वरून आधीच्या पिढीच्या जेन ३ वर आणणं हा तेव्हा सुचवलेल्या तात्पुरत्या उपायांपैकी एक होता. नुसता जेन ३ केल्यावर डिस्क टिकत असेल, तर नवी डिस्क घेण्यावर पैसे घालू नका. आणि ही चाचणी दोन-चार दिवस नीट पार पडेपर्यंत जुनं कार्ड विकायला काढू नका, फरक पडताळायला तेच लागेल.