बालवाडीतल्या मुलांकडून सणाचे टी-शर्ट रंगवून घेताना

सण जवळ आला की घरी किंवा बालवाडीत मुलांकडून टी-शर्ट रंगवून घ्यायची टूम निघते आणि निघावीच, कारण स्वतः रंगवलेला शर्ट घालून मिरवण्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला जी मजा येते ती विकतच्या कुठल्याच कपड्यात येत नाही. फक्त एक गोष्ट आधी पक्की करून टाका, की डोकं लावायचं ते सगळं मोठ्यांनी आधी लावायचं आणि एकदा रंगाचं झाकण उघडलं की मग हात मुलाचा आणि मर्जीपण मुलाची. होतं काय, की तयारी करतो आपण घाईघाईत आणि मग ऐन रंगवताना "अगं असं नाही, इकडे लाव, थांब मी धरते" सुरू होतं, आणि शेवटी तो शर्ट आईने नाहीतर ताईंनीच रंगवलेला असतो. मुलांना ते बरोबर कळतं हां, मग ती तो शर्ट घालायचापण हट्ट करत नाहीत.

तर आधी शर्ट. सुती घ्या, शक्यतो १०० टक्के कॉटन. निम्मं पॉलिस्टर असलेलं चालून जातं पण नुसत्या पॉलिस्टरवर रंग नीट धरत नाही आणि दोन धुण्यांत निघायला लागतो. कोरा शर्ट तसाच रंगवायला घेऊ नका, आधी एकदा धुवा, कारण नवीन कपड्याला खळ किंवा कसलंतरी फिनिशिंग असतं, त्यामुळे रंग वरवर बसतो, आणि कॉटन पहिल्या धुण्यात थोडं आटतं, ते रंगवल्यावर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकायचं नाही, त्याचा थर राहतो आणि रंग पकडत नाही. मग कडक इस्त्री करून घ्या, सुरकुतीवर पंजा उमटवला तर मधे पांढरी रेघ राहते. साइज एक नंबर मोठीच घ्या, पुढच्या वर्षीपण घालता येईल. रंग पांढरा किंवा एकदम फिका. काळ्या-निळ्या शर्टावर साधे फॅब्रिक कलर दिसतच नाहीत, त्याला जाड अपारदर्शक रंग लागतो, आधी पांढरा थर देऊन तो वाळवायला लागतो, एवढा धीर या वयाच्या मुलांकडे कुठून असणार! आणि बरीच मुलं असतील तर रंगवायच्या आधीच प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत पर्मनंट मार्करने नाव लिहून टाका, नंतर सगळे पंजे सारखेच दिसतात.

रंगाचं म्हणाल तर फॅब्रिक पेंटच घ्या. घरात पोस्टर कलर पडलेले असतात म्हणून ते वापरावेसे वाटतात पण ते पहिल्याच धुण्यात वाहून जातात, आणि मुलांसाठी म्हणून मिळणारे "पाण्याने सहज निघणारे" रंग तर निघण्यासाठीच बनवलेले असतात. ॲक्रिलिक चालतं पण एकटं नाही, ते वाळलं की कडक होतं आणि तडे जातात, म्हणून त्यात फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कपड्यावर मऊ ठेवणारं द्रव, मिसळायचं, किती ते बाटलीवर दिलेलं असतं, तेवढंच टाकायचं. बाटलीवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय ना ते बघा, कारण या वयात हात तोंडात जाणारच. स्प्रे पेंट, ऑइल पेंट, सुटी चमकी यातलं काही मुलांच्या जवळपास नको, चमकी डोळ्यात जाते, आणि चिकटवायचे बारीक मणी तीन वर्षांखालच्यांसमोर अजिबातच नकोत. थ्रीडी आउटलायनरच्या, म्हणजे उठावदार रेघ काढायच्या रंगाच्या, ट्यूब दिसायला छान असतात पण एवढ्याशा हातांना त्या दाबता येत नाहीत, ते काम मोठ्यांनी शेवटी करायचं, करायचंच असेल तर. आणि हो, फॅब्रिक पेंट मुलाच्या अंगातल्या चांगल्या कपड्यांवर लागला तर तिथेपण तो तितकाच पक्का बसतो, तेव्हा मोठ्यांचा एखादा जुना शर्ट उलटा, म्हणजे बटणं पाठीला येतील असा घालायचा आणि बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, याच्याइतका चांगला एप्रन दुसरा नाही.

आता रंग कुठले द्यायचे, ज्याच्यावर कोणी फारसा विचार करत नाही आणि तिथेच सगळं बिघडतं. मुलं रंग मिसळणारच, ते थांबवायला जाऊ नका, उलट असे रंग द्या की मिसळले तरी छानच दिसतील. नाताळ म्हणून लाल आणि हिरवा एकदम समोर ठेवला की पाच मिनिटांत सगळा शर्ट चिखलाच्या रंगाचा होतो, कारण हे दोन ओले असताना एकत्र आले की तपकिरीच होणार. जांभळा आणि पिवळा एकत्र आले तरी तेच. त्यापेक्षा पिवळा, केशरी आणि लाल द्या, दिव्यांच्या सणाला तर हेच हवेत, कसेही मिसळू दे, ज्योतीसारखंच दिसेल. किंवा निळा आणि पिवळा द्या, मधे हिरवा आपोआप होतो आणि तो होताना बघून मुलांचे जे चेहरे होतात ते बघण्यासारखे असतात. लाल-हिरवा हवाच असेल तर आज हिरवा आणि तो पूर्ण वाळल्यावर उद्या लाल. एका वेळी दोन, फार तर तीन रंग, त्यापुढे नको. त्या दोन-तीनातून कुठला घ्यायचा ते मात्र मुलाला ठरवू द्या, हिरव्याऐवजी निळं झाड हवं असेल तर निळं झाड.

डिझाइनचं म्हणाल तर माझं सगळ्यात आवडतं म्हणजे टेपचं. मास्किंग टेप किंवा स्टिकर पेपरची चांदणी, पणती, झाड, जे हवं ते कापून शर्टाच्या मधोमध चिकटवायचं, कडा नखाने घट्ट दाबायच्या, आणि मग मुलाला स्पंज देऊन सांगायचं की याच्यावर आणि याच्या आजूबाजूला हवं तेवढं ठाप ठाप कर. बस. यात चुकण्यासारखं काही नाहीच, मूल अडीच वर्षांचं असलं तरी. रंग जरा सुकत आला, अजून थोडा ओलसर आहे, तेव्हा टेप हळूच काढायची आणि ती काढायचा मान मुलाचाच, खालून पांढरीशुभ्र चांदणी निघते तेव्हा त्याला ती जादूच वाटते. फक्त रंगात पाणी घालू नका आणि ब्रशऐवजी स्पंजच द्या, ब्रशचा फटकारा टेपच्या खाली रंग ढकलतो आणि कडा फिसकटतात. स्पंज धरता येत नसेल तर त्याचा तुकडा कपड्याच्या चिमट्यात पकडून द्या, मस्त हँडल होतं.

दुसरं म्हणजे दिव्यांची माळ. आपण फॅब्रिक मार्करने छातीवरून एक झोकदार रेघ काढून ठेवायची, मुलाने त्याच्या खाली बोटाने ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका एक दिवा. रेघ सोडून कुठेतरी पोटावर दिवा लागला तर लागू दे. मोठ्या गटातली मुलं बोट पुसून रंग बदलतात, लहानांना एका हाताच्या दोन बोटांना दोन वेगळे रंग लावून द्या. पंजाचं झाडपण होतं, हिरवे पंजे बोटं खाली करून, तळाला तीन, वर दोन, टोकाला एक, पण सहा पंजे नीट उमटवायला सहा वेळा उभं राहावं लागतं, तीन वर्षांच्या मुलाला तिसऱ्यातच कंटाळा येतो, म्हणून त्या वयाला एकच पंजा आणि त्याचं फूल नाहीतर पक्षी पुरे. छापे मारायचे असतील तर बाटलीचं झाकण, लोकर गुंडाळलेला पुठ्ठा, भेंडीचा आडवा कापलेला तुकडा, घरात असेल ते चालतं.

रंगवायला बसवायच्या आधी टेबल तयार हवं, मूल समोर उभं करून चिमटे शोधायचे नाहीत. टेबलावर प्लास्टिक पसरून चारी कडा टेपने चिकटवा. शर्टाच्या आत पुठ्ठा घाला, शर्ट किंचित ताणला जाईल एवढा रुंद, आणि पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो किंवा शर्टच पुठ्ठ्याला चिकटतो. आत वर्तमानपत्र घालू नका, ओलं झालं की त्याची शाई कपड्याला लागते. बाह्या मागे वळवून चिमट्याने अडकवा. रंग बशीत किंवा झाकणात चमचाभरच काढा, संपला की परत देता येतो, पूर्ण बाटली समोर ठेवली की ती सांडणारच. शेजारी पाण्याची बादली आणि जुना टॉवेल ठेवा, रंगलेल्या हातांनी मूल बेसिनपर्यंत चालत गेलं की वाटेतल्या सगळ्या भिंतींवर पंजे उमटतात. वर्ग असेल तर एका वेळी दोन मुलं आणि सोबत एक मोठं माणूस, बाकीची दुसरीकडे खेळू देत. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, मुलाने "झालं" म्हटलं की झालं.

पंजा उमटवताना हात रंगात बुडवायचा नाही हे लक्षात ठेवा, जास्त रंग बोटांच्या फटीत साचतो आणि शर्टावर नुसता गोळा दिसतो. तळहातावर ब्रशने पातळ थर लावा, बोटांच्या टोकांपर्यंत, गुदगुल्या होतात त्यामुळे मूल हसत मूठ मिटतं, मिटू दे, परत उघडायला सांगा. एक पंजा आधी कागदावर, म्हणजे जास्तीचा रंग निघतो आणि काय करायचंय ते त्यालापण कळतं. मग बोटं फाकवून हात शर्टावर टेकवायचा, तुम्ही वरून मनगटाकडून सुरुवात करून एकेक बोट हलकेच दाबायचं, आणि उचलताना हात सरकवायचा नाही, सरळ वर. अंगठा नेहमी अर्धवट उमटतो, तिथे ब्रश घेऊन दुरुस्ती करायला जाऊ नका, तो तसाच छान दिसतो.

काही मुलांना हाताला रंग लागलेला अजिबात सहन होत नाही, ती हात मागे लपवतात, रडकुंडीला येतात. तिथे जबरदस्ती नको, "बघ सगळे करतायत" हेपण नको. चिमट्याचा स्पंज किंवा लांब ब्रश द्या, ओला रुमाल हाताशी ठेवा म्हणजे हवं तेव्हा पुसता येतं हा भरवसा त्याला राहतो. नाहीच करायचं म्हणालं तर टेप ओढायचं काम द्या, तोपण त्याचाच शर्ट आहे.

भलत्याच ठिकाणी थेंब पडला तर घासू नका, पसरतो. वरचा रंग चमच्याच्या कडेने उचलून घ्या आणि उरलेल्या डागाचं काय करायचं ते मुलालाच विचारा, कोणी त्याला फुगा करतं, कोणी चंद्र. मुलाला चालत असेल तर खालच्या कडेला वर्ष लिहून ठेवा, पंजा त्या वयाचा आहे हे नंतर बघायला फार बरं वाटतं.

वाळवताना दोरीवर टांगायचं नाही, जाड लागलेला रंग ओघळतो. पुठ्ठ्यासकट आडवंच ठेवा, निदान २४ तास, आणि घडी घालू नका. पुरतं वाळलं की पुठ्ठा काढून शर्ट उलटा करा आणि आतल्या बाजूने इस्त्री फिरवा, वाफ बंद, कॉटनची सेटिंग, खाली एक जुनं सुती कापड, इस्त्री एका जागी न थांबवता तीन ते पाच मिनिटं. याने रंग पक्का होतो, म्हणून हा टप्पा गाळू नका. बाटलीवर वेगळं काही लिहिलं असेल तर ते पाळा, काही रंगांना इस्त्री लागत नाही आणि थ्रीडी आउटलायनर तर गरम इस्त्रीने चपटा होतो. हे काम अर्थातच मोठ्यांचं आणि मुलं दुसऱ्या खोलीत असताना करायचं. त्यामुळे आज रंगवलं आणि उद्या सकाळी घातलं असा हिशोब धरू नका, सणाच्या आठवडाभर आधीच उरकून घ्या.

पहिलं धुणं तीन-चार दिवसांनी, गार पाण्यात, उलटा करून, ब्लीच न घालता, ब्रशने न घासता, आणि वाळवायचा सावलीत. एवढं करूनही कुठे टवका उडाला तर तोच रंग थोडासा त्या जागी मुलाकडूनच परत लावून घ्या, वाळू द्या आणि पुन्हा आतून इस्त्री फिरवा.