कवळी कशी सांभाळाल? ग्रीनवुडचं ऐका, पण अर्धंच

महालातल्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं कवळ्या घडवल्या. नवी कवळी बसली की नागपूरकराचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, सावजी चालन का?" चालेल, पण आधी आठवडाभर खिचडी नाहीतर वरणात कुस्करलेली पोळी खा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. एकाच बाजूनं चावलं की दुसरीकडून कवळी उचलते.

जेवण झालं की ती काढून धुवायची. हा सल्ला दोनशे वर्षांहून जुना आहे, बाप्पा! १७८९ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टनच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड या दंतवैद्यानं त्याला पाणघोड्याच्या दातातून कवळी कोरून दिली, त्या एका दातासाठी भोक ठेवून. (लाकडाची होती म्हणतात, ते खोटं.) १७९८ साली एक कवळी काळी पडून ग्रीनवुडकडे परत आली. ग्रीनवुडनं लिहून कळवलं, हे पोर्ट वाइनमुळे झालं. जेवणानंतर काढून स्वच्छ पाण्यात ठेवत जा. आपल्याकडे डाग पाडायचं काम हळद आणि खर्रा करतात.

खडूची बारीक पूड लावून ब्रशनं घासा, असंही त्यानं सांगितलं होतं. ते मात्र करू नका. आपली कवळी ॲक्रिलिकची. पूड, मीठ, कोळसा, टूथपेस्टसुद्धा तिच्यावर चरे पाडते आणि त्या चऱ्यांत डाग बसतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही.

रात्री काढून गार पाण्यात बुडवून ठेवा. मे महिन्यात टाकीचं पाणी हात भाजतं, तेव्हा माठातलं घ्या. उकळतं पाणी कधीच नाही. शिकाऊ असताना आत्याची कवळी मी निर्जंतुक करायला म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. वाकडी झाली. नवी पदरच्या पैशानं करून दिली, तरी आत्या बरेच दिवस बोलत नव्हती.

हिरडीला टोचलं तर घरी कानस लावू नका. ग्रीनवुड कॉलेजात न जाता शिकला, चरख्याला पायानं चालणारं ड्रिल जोडलं. बाल्टिमोरचं पहिलं डेंटल कॉलेज निघालं तेच १८४० साली. आज शिकलेले डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी काही तास कवळी लावून ठेवा, म्हणजे लाल झालेली जागा नेमकी दिसते.