बोटीवर बॅटरी चार्जर जोडताय? या चुका टाळा

चार्जरचा प्लग काढलेला होता, जेट्टीवरची लाईन बंद होती आणि तरीही वायर जळली. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात माझ्या चुलत भावाच्या बोटीवर झालेली गोष्ट आहे ही. केबिनमधल्या चार्जरपासून मागे इंजिनच्या खणातल्या बॅटरीपर्यंत वायर नेली होती, मधे एका लोखंडी अँगलच्या कडेला ती इंजिनच्या थरथरीने रोज घासत होती आणि एक दिवस कव्हर फाटून तांबं लोखंडाला लागलं. अँगल इंजिनला बोल्टने बसवलेला, इंजिन बॅटरीच्या मायनसला, म्हणजे सरळ शॉर्ट. फ्यूज होता, पण चार्जरच्या बाजूला. बॅटरीकडून येणाऱ्या करंटला अडवणारं मधे काहीच नाही. तीन फूट वायर तापून लाल झाली, खणभर धूर, भाऊ तिथेच होता म्हणून पान्याने मायनस काढला आणि वाचलो. डिझेलची टाकी तिथून हातभर लांब होती.

मी तुर्भ्याला एमआयडीसीत पॅनल वायरिंग करतो, सुट्टीच्या दिवशी आपल्या लोकांच्या बोटींची वायरिंग बघतो, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो की बोटीवर वीज दोन ठिकाणांहून येते. एक जेट्टीवरून येणारी २३० व्होल्ट, तिला सगळे घाबरतात. दुसरी बॅटरी, तिला कोणी घाबरत नाही कारण १२ व्होल्टचा शॉक लागत नाही. पण शंभर अँपअवरची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँप सोडते, कधी हजाराच्याही वर, आणि तिला स्विच नसतो. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक या दोघींपैकी एकीला विसरल्यामुळे होतात.

फ्यूज चुकीच्या टोकाला

चार्जर वीज देतो म्हणून फ्यूज चार्जरजवळ, असा हिशोब लोक करतात. चार्जर २० अँपचा असेल तर तो जास्तीत जास्त २० अँप देईल, त्याच्याकडून वायर जळायची शक्यता कमी. जाळणारी आहे ती बॅटरी, म्हणून फ्यूज प्लसच्या वायरवर बॅटरीच्या टोकाला हवा, आणि जितका जवळ तितका चांगला. अमेरिकेत बोटींच्या वायरिंगसाठी एबीवायसी नावाच्या संस्थेचे नियम पाळतात, त्यात साधारण ७ इंचाच्या आत फ्यूज लावा असं आहे. आपल्याकडे कोणी टेप घेऊन मोजायला येणार नाही, तरी तेवढंच धरा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरला फ्यूजचं संरक्षण नसतं, तिला कोणी वाचवत नाही.

किती अँपचा? २० अँपच्या चार्जरला २५ किंवा ३० चा फ्यूज लावा, आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट सोसणारी घ्या. फ्यूज वायरला वाचवायला असतो, चार्जरला नाही. फ्यूज उडतो म्हणून ६० चा टाकला, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याची तार गुंडाळली, तर फ्यूज नसल्यासारखंच झालं. दोन बॅटऱ्या असतील, एक स्टार्टरची आणि एक लाईट, जीपीएस, फिश फाइंडरची, तर दोघींना वेगवेगळा फ्यूज.

वायर बारीक, जॉइंट टेपचे

घरच्या वायरिंगमधून उरलेली अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर बोटीवर वापरतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मोजत नाही. हिशोब साधा आहे. चार्जर ते बॅटरी तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर वायर. त्यातून २० अँप गेले तर अडीच स्क्वेअरमध्ये जवळपास १ व्होल्ट वाटेतच खाल्ला जातो. चार्जर १४.४ दाखवतो, बॅटरीला मिळतात साडेतेरा, आणि मग लोक म्हणतात चार्जर नवाच हाय तरी बॅटरी चढत नाय. तेच १० स्क्वेअर टाकलं तर पाव व्होल्टच्या आत काम होतं. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिक बाजारात, मीटरमागे पैसे जास्त जातील पण बॅटरी जास्त वर्षं टिकेल, हिशोब बरोबरीत येतो.

वायर मल्टिस्ट्रँड घ्या, जमलं तर टिनचा मुलामा असलेली. साधं तांबं खाडीच्या खाऱ्या हवेत टोकापासून आत काळं पडत जातं, बाहेरून वायर नवी दिसते आणि कापली तर आत हातभर काळी. घरातली एकसरी जाड वायर बोटीवर नकोच, थरथरीने लगच्या (वायरच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या तुकड्याच्या) मानेशी तुटते. जॉइंट पिळून काळी टेप लावलेला अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळतो, दोन महिन्यांत टेप सैल होते आणि आत पाणी साठतं. लग चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबायचा, पक्कडीने चेपायचा नाही, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. वायर दर दीड फुटाला क्लिपने बांधा, लोखंडी कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट किंवा पाइपचा तुकडा. भावाच्या बोटीवर दहा रुपयांचा तो तुकडा असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

चार्जर कुठे बसवला

बॅटरीच्या बरोबर वर फळी आणि फळीवर चार्जर, जागा वाचते म्हणून. लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका असल्याने सरळ वर जातो, सोबत अॅसिडचे बारीक तुषार. चार्जरच्या आतली सर्किटची पट्टी गंजते ते वेगळंच, पण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने भडका उडू शकतो. चार्जर बॅटरीच्या बाजूला, भिंतीवर, आजूबाजूला हवा खेळेल असा. बॅटरीच्या खणाला वरच्या बाजूला झरोका. खण पूर्ण बंद करून त्यावर जाळी आणि दोर ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो. पेट्रोलची आउटबोर्ड मोटर आणि टाकी ज्या कप्प्यात, तिथे चार्जर मुळीच नको, पेट्रोलची वाफ खाली बसते आणि साध्या चार्जरच्या आत ठिणगी होऊ शकते.

बॅटरी बॉक्समध्ये, पट्ट्याने बांधलेली, प्लस टर्मिनलवर टोपी. पावसाळ्यात बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साठणारं, पाणी चढून खारं पाणी सेलमध्ये गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून बॅटरी तळाला टेकवून ठेवू नका.

जेट्टीची लाईन

आपल्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. रात्री भरतीला बोट जेट्टीच्या बरोबरीला असताना एक्स्टेंशन लावून माणूस घरी जातो, पहाटे सुकतीला बोट खाली चिखलात बसलेली आणि केबल ताठ, किंवा उलट, ढिली सोडलेली केबल मधला जॉइंट घेऊन पाण्यात. मी वाशीच्या बाजूला एक बोर्ड बघितलाय जो भरतीला पाण्यापासून वीतभर वर होता. केबलच्या मधे प्लग-सॉकेट नको. जेट्टीवर जिथे जोडायचं तिथे वॉटरप्रूफ सॉकेट, बोटीवर झाकणाचं इनलेट, मधे एक सलग रबरी थ्री कोअर केबल, भरती-ओहोटीचा ढील मोजून. लावताना आधी बोटीची बाजू, मग जेट्टीची. काढताना आधी जेट्टीची. हे उलटं केलं तर हातात जिवंत पिन घेऊन तुम्ही ओल्या फळीवर उभे असता.

दोन कोअरची केबल आणि तीन पिनचा प्लग, ही चूक मला सगळ्यात जास्त राग आणते. अर्थिंगची वायरच नाही म्हणजे चार्जरमध्ये आत काही बिघडलं तर त्याची बॉडी जिवंत होणार, आणि मायनस इंजिनला जोडलेला असल्याने कधीकधी पूर्ण इंजिन. चार्जरच्या बॉडीला अर्थ हवाच. सोबत ३० मिलिअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), जेट्टीच्या बाजूलाही आणि बोटीवरही, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी, कारण जेट्टीवरच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असणं नेहमीचंच. ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, दाबल्यावर उडाला नाही तर तो बदला.

काही जण सांगतात की अर्थ जोडल्यापासून पंख्याजवळचं झिंक (गंज स्वतःवर घेणारा तुकडा) लवकर संपतंय म्हणून अर्थ कापून टाकला. संपतं हे खरं आहे, कारण अर्थच्या वायरने तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि खाऱ्या पाण्यात सगळ्यांची मिळून एक बॅटरी होते. त्यावर इलाज गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, तो अर्थच्या वायरमध्ये बसतो आणि हा बारीक करंट अडवतो. अर्थ कापणं हा इलाज नाही, त्यात माणूस जातो.

गॅरेजवाला चार्जर, ज्याच्यावर नुसता अँपचा खटका असतो, तो रात्रभर लावून जाऊ नका. तो थांबत नाही. स्वस्तातल्या काहींत २३० आणि आउटपुट आतून वेगळे केलेलेच नसतात, असा चार्जर ओल्या बोटीवर जीवघेणा. घेताना आयसोलेटेड आहे का आणि मरीनसाठी आहे का, दोन्ही विचारा.

चार्ज होत नाही, तापतो, ट्रिप होतो

मल्टिमीटर घ्या, अंदाजाने बॅटरी बदलू नका. चार्जर चालू असताना आधी चार्जरच्या टर्मिनलवर व्होल्ट बघा, मग बॅटरीच्या टर्मिनलच्या खांबांवर, लगवर नाही, खांबावरच. दोघांत ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर चार्जर ठीक आहे, दोष वायर, लग किंवा फ्यूज होल्डरमध्ये. हात लावून बघा, जिथे गरम लागतं तिथेच दोष.

चार्जर अर्ध्या तासात फुल दाखवतो आणि इंजिन मात्र घरघर करून बंद, हे पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीनंतर हमखास होतं. जून-जुलैमध्ये बोट वर ओढलेली, बॅटरी तशीच सोडलेली, ती स्वतःहून उतरत जाते आणि प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो. चार्ज काढून दहा-बारा तासांनी व्होल्ट बघा, साधारण १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर रिकामीच समजा. हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा, एखादा बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर तो सेल गेला. बंदीआधी बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज केली तर नारळी पौर्णिमेला दुकानात धावावं लागत नाही.

बॅटरी उकळते, पाणी भराभर संपतं? चार्जरचं सेटिंग बघा. जेलच्या बॅटरीला पाण्याच्या बॅटरीचे व्होल्ट दिले की ती मरते, लिथियमला तर वेगळंच प्रोफाइल लागतं, आणि दोन जातींच्या बॅटऱ्या एका आउटपुटवर नकोतच. शिवाय ही व्होल्टची गणितं २५ डिग्रीला धरलेली असतात, आपल्या मे महिन्यात खणात ४० होतं, तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण तीन-चार दशांश व्होल्ट कमी हवेत. टेम्परेचर सेन्सर असलेला चार्जर घेतला तर हे तो स्वतः करतो, पण सेन्सर बॅटरीला चिकटवावा लागतो, डब्यात गुंडाळून ठेवलेला काही कामाचा नाही. डिस्टिल वॉटर चार्ज झाल्यावर भरा, आधी प्लेटा बुडतील इतकंच.

ईएलसीबी उडतो तेव्हा त्याला बायपास करू नका. चार्जरचा प्लग काढा, तरी उडाला तर दोष केबलमध्ये किंवा सॉकेटमध्ये, बहुतेक वेळा आत पाणी. चार्जर लावल्यावरच उडत असेल तर चार्जर ओला झालाय किंवा बोटीवर कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेत, ते बोटीवर जोडायचे नसतात. ही २३० ची बाजू परवाना असलेल्या वायरमनकडूनच उघडून घ्या.

आणि चार्जर जोडताना क्रम असा: जेट्टीची लाईन बंद, बॅटरीला आधी प्लस, मग मायनस, सगळं घट्ट, मग २३० चालू. काढताना आधी २३० बंद, मग मायनस, शेवटी प्लस. चार्जिंग चालू असताना लग उपसला तर ठिणगी बरोबर त्या जागी उडते जिथे हायड्रोजन साठलेला असतो, म्हणून खणाचं झाकण उघडून पाच मिनिटं वारा लागू द्या आणि मगच पाना हातात घ्या.