पंक ते ऑल्टरनेटिव्ह: एक शहर धरा आणि बेस ऐका

पंक (सत्तरच्या दशकातलं वेगवान, खडबडीत रॉक) आणि त्यातून पुढे निघालेलं न्यू वेव्ह आणि ऑल्टरनेटिव्ह रॉक यांचा प्रवास यादी करून ऐकायला गेलात तर दमछाक होते. शंभर बँड, दोन खंड, वीस वर्षं. मी बेस गिटार शिकवतो, आणि माझ्याकडच्या मुलांना वेगळी वाट सांगतो: एक शहर धरायचं, मँचेस्टर, आणि प्रत्येक गाण्यात आधी बेस शोधायचा. गाणारा काय ओरडतोय, केस कसे कापलेत, जॅकेटला किती पिना आहेत, हे सगळं नंतर. या संगीतात जे खरोखर बदललं ते खालच्या चार तारांवर आणि ड्रम्सवर बदललं, असं माझं ठाम मत आहे. ऐकत गेलात की तुम्हालाही ते पटेल.

तयारी थोडीच लागते. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बेस येतच नाही. साधे वायरचे इअरफोन चालतील, फक्त डावा-उजवा आवाज नीट वेगळा आला पाहिजे. इक्वलायझरमधलं ‘बास बूस्ट’ बंद करा. त्याने सगळं घुमतं आणि सूर कुठला ते कळत नाही. प्रत्येक गाणं तीनदा ऐका: पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा बेसचा सूर गुणगुणत, तिसऱ्यांदा पायाने ठेका धरून ड्रम्सकडे लक्ष देत. वाद्य येत नसलं तरी काही बिघडत नाही, गुणगुणता आलं म्हणजे झालं.

मँचेस्टरला जाण्याआधी एक थांबा न्यूयॉर्कचा. तिथल्या रमोन्स या बँडचा पहिला अल्बम एप्रिल 1976 मध्ये आला, चौदा गाणी आणि वेळ साधारण 29 मिनिटं. त्याचं मिक्सिंग शिकणाऱ्यासाठी वरदान आहे, कारण बेस एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात ठेवलेली आहे. ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ लावा आणि इअरफोनची एक बाजू काढा. मग ती लावून दुसरी काढा. डी डी रमोनचा बेस आणि जॉनी रमोनची गिटार जवळजवळ एकच गोष्ट करताहेत हे लगेच कानावर येईल: आठ मात्रा, सगळे फटके वरून खाली, मध्ये श्वास नाही. हातात बेस असेल तर नुसता एकच सूर डाउनस्ट्रोकने गाणं संपेपर्यंत वाजवून बघा. दुसऱ्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. पंक सोपं असतं असं म्हणणाऱ्यांना मी हा रियाज आवर्जून देतो. इथे बेसचं काम एकच, गिटारला खालून भिंतीसारखा आधार द्यायचा. हे डोक्यात पक्कं करा, कारण पुढचं सगळं या भिंतीला पडलेल्या भगदाडांतून आलेलं आहे.

आता मँचेस्टर. 4 जून 1976 रोजी तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनचा सेक्स पिस्टल्स हा बँड वाजला. कार्यक्रम ठरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या स्थानिक पोरांनी. प्रेक्षक मोजकेच, पण त्यांत बर्नर्ड समनर आणि पीटर हुक हे शाळेपासूनचे मित्र होते. हुकने दुसऱ्या दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती, तरीही घेतली. मला या कथेत सेक्स पिस्टल्सपेक्षा ती खरेदी महत्त्वाची वाटते.

डिव्होटो आणि शेली यांच्या बझकॉक्सने त्याच डिसेंबरात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 च्या अखेरीस ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतःच काढली. उसने घेतलेले 500 पौंड, स्वतःचंच न्यू हॉर्मोन्स हे लेबल. कव्हरवर कोणतं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या प्रयत्नात, झालं आणि वरून काय जोडलं तेही छापलं. म्हणजे तबकडी कशी बनते हेच त्यांनी सगळ्यांसमोर उघडं केलं. कंपनीच्या दारात उभं न राहता रेकॉर्ड काढता येते, हे इंग्लंडभरच्या पोरांना त्यातून कळलं. पुढे ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र लेबलांचं संगीत, म्हणून जे वाढलं त्याच्या मुळाशी ही तबकडी आहे. त्यातलं ‘बोअरडम’ ऐका आणि गिटारच्या सोलोची वाट बघा. शेली दोनच सूर पुन्हा पुन्हा वाजवतो, थांबायला तयार नाही. कौशल्य मिरवायचं नाही हा तिथे घेतलेला निर्णय आहे आणि तो निर्णय कानाला ऐकू येतो.

न्यू वेव्ह कुठून सुरू झालं हे शोधायचं असेल तर याच दोघांची फारकत बघा. डिव्होटो बाहेर पडला आणि त्याने मॅगझिन हा बँड काढला. त्यांचं ‘शॉट बाय बोथ साइड्स’ जानेवारी 1978 चं. त्यातली गिटारची सुरावट मुळात शेलीची, आणि बझकॉक्सनेही तीच ‘लिपस्टिक’मध्ये वापरली. दोन्ही गाणी पाठोपाठ लावा. बझकॉक्समध्ये ती सुरावट एका सरळ, गोड प्रेमगीतात बसते. मॅगझिनमध्ये तीच धमकीसारखी चढत जाते आणि बॅरी ॲडमसनचा बेस खाली स्वतःच्या वाटेने चालतो. त्याच वर्षीच्या ‘रिअल लाइफ’ या अल्बममध्ये तर डेव्ह फॉर्म्युलाचे कीबोर्ड्स सगळीकडे पसरलेले आहेत. ज्या वाद्यांना पंकने नाकं मुरडली होती, ती दोन वर्षांच्या आत परत आली. न्यू वेव्ह हे नाव रेकॉर्ड कंपन्यांनाही सोयीचं होतं, कारण पंक म्हटलं की रेडिओवाले बिचकत. म्हणून या नावाखाली टॉकिंग हेड्सपासून द पोलीसपर्यंत कोणीही सापडतं. द पोलीस 1980 मध्ये मुंबईतही वाजवून गेले. नावांच्या हद्दी आखत बसू नका, वेळ जातो.

इथे एक वळसा घ्याच. 1977 च्या सुरुवातीला लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स रेकॉर्ड्स लावत असे. पंकच्या तबकड्या तेव्हा मुळात फारशा निघालेल्याच नव्हत्या, त्यामुळे तो जमैकाचं रेगे आणि त्यातूनच निघालेलं डब लावायचा. डबमध्ये गिटार मागे सरते, गाणं गळून पडतं आणि उरतो तो बेस, ड्रम आणि प्रतिध्वनी. पंकवाल्या पोरांचे कान त्यावर तयार झाले. सेक्स पिस्टल्स फुटल्यावर त्यांचा गायक जॉन लायडनने पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला, तेव्हा त्यांच्या पहिल्याच गाण्याची सुरुवात जा वॉबलच्या एकट्या बेसने झाली. 1979 चा ‘मेटल बॉक्स’ तर त्यांनी पत्र्याच्या गोल डब्यात घालून, 45 आरपीएमच्या तीन मोठ्या तबकड्यांवर काढला. या मापाच्या तबकडीवर खर्जाला ऐसपैस जागा मिळते.

पुन्हा मँचेस्टर. हुक आणि समनरच्या बँडला आता इयन कर्टिस हा गायक आणि स्टीफन मॉरिस हा ड्रमर मिळाला होता, आणि नाव होतं जॉय डिव्हिजन. या टप्प्यावर घाई करू नका, माझ्या मते सगळ्या प्रवासाचा सांधा इथे आहे. हुकचा अँप्लिफायर यथातथाच आणि समनरची गिटार जोरात, त्यामुळे खालचे सूर वाजवले की हुकला स्वतःचंच ऐकू येत नसे. म्हणून तो बेसवर वरच्या फ्रेट्सकडे, म्हणजे उंच सुरांच्या पट्ट्यांकडे, सरकला. कर्टिसला ते आवडलं आणि त्याने उचलून धरलं. बघता बघता बेस सुरावट वाजवायला लागला, गिटार मधल्या जागा भरायला लागली, आणि रमोन्सच्या वेळची मांडणी पार उलटली.

‘अननोन प्लेझर्स’ एप्रिल 1979 मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि जूनमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने काढला. निर्माता मार्टिन हॅनेट, ‘स्पायरल स्क्रॅच’ही त्यानेच केलेली. पहिलं गाणं ‘डिसऑर्डर’ लावा. आधी ड्रम्स येतात. स्नेअरचा, म्हणजे ठेक्यातल्या कडक फटक्याच्या ड्रमचा, आवाज ऐका: ठणठणीत, कोरडा, जणू दुसऱ्याच खोलीतून येतोय. हॅनेटने ड्रम्सचे तुकडे वेगवेगळे रेकॉर्ड करून घेतले आणि त्यांवर डिजिटल डिले, म्हणजे यंत्राने केलेला प्रतिध्वनी, चढवला. मग बेस शिरतो, तोही वरच्या पट्टीत. सुरुवातीची ही सुरावट गुणगुणून बघा, सहज जमेल, कारण ती गाण्यासारखीच आहे. गिटार त्यानंतर येते. हा क्रम लक्षात ठेवा: ड्रम, बेस, मग गिटार. त्यानंतर ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ ऐका आणि आवाजांच्या मधली रिकामी जागा ऐकायचा प्रयत्न करा. स्टेजवर हाच बँड धडाक्याने वाजायचा. समनर आणि हुक दोघांनाही हा अल्बम सुरुवातीला आवडला नव्हता, त्यांना गिटार जोरात हवी होती. मला त्यांची चिडचिड समजते, तरी माझं मत हॅनेटच्या बाजूने आहे. धडाका करणारे बँड पुष्कळ होते. ही पोकळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

18 मे 1980 रोजी कर्टिसने आत्महत्या केली. वय 23. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, त्यातलं पुष्कळसं त्याच्या दुःखाची रंगीत पोस्टरं करणारं. ते बाजूला ठेवा आणि ‘सेरेमनी’ ऐका. गाणं जॉय डिव्हिजनचं, मे 1980 मध्ये बर्मिंगहॅमच्या शेवटच्या कार्यक्रमात वाजवलेलं. ते ध्वनिमुद्रण ‘स्टिल’ या संग्रहात आहे. उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नाव घेऊन 1981 मध्ये पहिली तबकडी काढली तीही हीच, गाणारा समनर. दोन्ही रूपं एकामागून एक लावा. दोन्हीकडे हुकची तीच सुरावट गाणं वाहून नेते. कर्टिसचा आवाज मागे धूसर घोंगावतो. समनर अजून गायक झालेला नाही, सूर शोधत जातो, आणि बेस त्याचा हात धरून पुढे चालतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी पूर्ण शिकवतो असं या प्रवासातलं हे एकमेव गाणं.

इथून दोन फाटे फुटतात. पहिला नाचाचा. गिलियन गिल्बर्ट कीबोर्ड्सवर आली, बँडने न्यूयॉर्कचे क्लब पाहिले, आणि मार्च 1983 मध्ये ‘ब्लू मंडे’ आलं. साडेसात मिनिटांचं गाणं, गायन सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागतात. किक, म्हणजे खालचा मोठा ड्रम, ओबरहाइम कंपनीच्या ड्रम मशीनचा आहे. खाली सिंथेसायझरचा बेस धावतो आणि हुकची खरी बेस गिटार त्यावर वरच्या सुरांत फिरते, म्हणजे एकाच गाण्यात दोन बेस. ते वेगळे काढता आले तर तुमचा कान तयार झाला समजा. सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, सूर भरताना गिल्बर्टकडून एक सूर सुटला, म्हणून ती धून ठेक्यापासून किंचित सरकलेली आहे. तशीच ठेवली, आणि गाण्याला तीच शोभते.

दुसरा फाटा पुन्हा गिटारचा. त्याच वर्षी, त्याच शहरात, द स्मिथ्स. जॉनी मारने पंकचा खडखडाट टाकून देऊन गिटार झुळझुळती केली, सिंथेसायझर बाजूला ठेवला आणि रफ ट्रेडसारख्या स्वतंत्र लेबलवरच राहिला. ब्रिटनमध्ये ऑल्टरनेटिव्ह म्हणताना लोकांच्या मनात जो आवाज असतो तो बराचसा इथला. सगळे मार आणि गायक मॉरिसीबद्दल बोलतात. तुम्ही अँडी रूर्क ऐका. ‘धिस चार्मिंग मॅन’मध्ये गिटारच्या खाली त्याचा बेस उड्या मारत जातो, आणि 1985 च्या ‘बार्बरिझम बिगिन्स ॲट होम’मध्ये तर जवळजवळ सात मिनिटं तो गाण्याचा मालक आहे, चक्क फंक वाजवतो. हे वाजवायला घेण्याआधी बोटं गरम करून घ्या.

अमेरिकेतला भाग इथे आटोपता घेतो, तो कळायला आता सोपा जाईल. तिथे कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी हे संगीत जगवलं. जॉर्जियातल्या अथेन्सचं आर.ई.एम. 1981 पासून, बॉस्टनचे पिक्सीज दशकाच्या उत्तरार्धात. पिक्सीजचं 1989 मधलं ‘टेम’ लावा. दोन मिनिटांहून छोटं. किम डीलचा बेस आणि ड्रम्स, वर कुजबुज, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. पुन्हा शांत, पुन्हा स्फोट. जॉय डिव्हिजनची पोकळी आणि रमोन्सची भिंत आळीपाळीने येताहेत, हे आता कुणी सांगायची गरज पडू नये. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने उघड कबूल केलं होतं की ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ करताना तो पिक्सीजची नक्कल करू बघत होता. ते गाणं असलेला ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम सप्टेंबर 1991 मध्ये आला आणि जानेवारी 1992 मध्ये मायकल जॅक्सनला हटवून अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. एका संध्याकाळी एक बँड पुरे. वाजवणारे असाल तर क्रम असा ठेवा: आधी रमोन्सचा एक सूर, मग ‘डिसऑर्डर’ची सुरुवात, मग ‘सेरेमनी’ पूर्ण. पिक वापरा, हुकही पिकनेच वाजवतो. वरच्या फ्रेट्सवर सुरावट वाजवताना खालची उघडी तार सोबत घुमू द्या. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) आधी मिनिटाला 100 ठोक्यांवर ठेवा आणि हात मोकळा झाल्यावरच वाढवा. रूर्कला मात्र अजून महिनाभर हात लावू नका.